जाळीच्या एकाच बाजूला

मंडळी, खेळाचा तास सुरू झाला की कोणत्याही गावच्या शाळेत एक देखावा हमखास दिसतो. घंटा होते, पोरे धावत बाहेर पडतात आणि पाहता पाहता पटांगणाचे दोन भाग होतात. मोठा भाग मुलांचा. तिथे क्रिकेट, नाहीतर कबड्डी. उरलेला कोपरा मुलींचा. पाचवी-सहावीपर्यंत त्या कोपऱ्यात लंगडी आणि खो-खो रंगतो. आठवी-नववीत गेल्या की त्यांतल्या कित्येक मुली भिंतीला टेकून नुसत्या उभ्या राहतात. त्यांना कुणी "खेळू नका" म्हटलेले नसते, बरं का. पण "खेळा" असेही कुणी म्हटलेले नसते.

आज मी ज्या खेळाची हकीकत सांगणार आहे, त्यात पटांगणाचे असे दोन भाग करताच येत नाहीत. त्या खेळाचे नाव बॅडमिंटन आणि त्यातल्या प्रकाराचे नाव मिश्र दुहेरी. जाळीच्या एका बाजूला एक पुरुष आणि एक स्त्री, दुसऱ्या बाजूलाही तसेच दोघे. हातात रॅकेट आणि मध्ये पिसांचे एक हलके फूल. ते फूल आपल्या अंगणात पडू द्यायचे नाही आणि समोरच्याच्या अंगणात पाडायचे, एवढाच काय तो खेळ. आशियाई खेळ, ऑलिंपिक अशा मोठमोठ्या जत्रांत आज हा सामना मानाने खेळला जातो. पण तिथपर्यंत त्याला पोचायला किती वर्षे लागली आणि त्या वाटेवर आपली माणसे कुठे कुठे भेटतात, हे ऐकण्यासारखे आहे.

आधी या खेळाला जागा किती लागते ते पाहू. दुहेरीचे अंगण चव्वेचाळीस फूट लांब आणि वीस फूट रुंद असते. म्हणजे झाले ८८० चौरस फूट. आपला एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. तेव्हा गुंठाभर जागेत हे अंगण बसते आणि वर जागा उरते. कबड्डीच्या मैदानापेक्षाही ते लहान. वसमतकडे हळद शिजवून वाळत घालतात, तेव्हा एका शेतकऱ्याच्या खळ्यावर याहून मोठी जागा पिवळी होते. जाळीची उंची मध्यभागी पाच फूट. फुलाचे वजन जेमतेम पाच ग्रॅम, त्याला सोळा पिसे. इतक्या हलक्या साहित्याचा आणि इतक्या लहान जागेचा हा खेळ आहे.

आता त्याचा जन्म पाहू. हिंगोलीकरांना छावणी हा शब्द नवा नाही. निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी एकोणिसाव्या शतकात हिंगोलीलाच होती आणि तिच्यावर इंग्रज अंमलदार असत. तशीच इंग्रजांची स्वतःची मोठी छावणी पुण्याला होती. तिथले अधिकारी संध्याकाळी एक खेळ खेळत आणि त्या खेळाला ते गावाच्याच नावाने 'पूना' म्हणत. फूल झेलत राहण्याचा खेळ जुनाच होता, आशियात आणि युरोपात दोन्हीकडे होता. परंतु मध्ये जाळी बांधून, रेघा आखून, गुण मोजून त्याची चुरस करणे हे काम १८७० नंतरच्या दहा वर्षांत पुण्याच्या छावणीत झाले, असे मानतात. सुट्टीवर गेलेल्या अधिकाऱ्यांनी हा खेळ इंग्लंडात नेला. तिथे ग्लॉस्टरशायर परगण्यात ड्यूक ऑफ ब्यूफर्ट या सरदाराचा वाडा होता. त्या वाड्याचे नाव बॅडमिंटन. वाड्याचे नाव खेळाला चिकटले आणि पुण्याचे नाव मागे पडले. असे व्हायचेच!

१८९३ साली इंग्लंडात या खेळाची संघटना उभी राहिली आणि १८९९ साली पहिली मोठी स्पर्धा झाली. तीच पुढे ऑल इंग्लंड या नावाने जगप्रसिद्ध झाली. आता गंमत ऐका. त्या पहिल्या स्पर्धेत एकेरीचा सामनाच नव्हता. सामने होते तीन प्रकारचे. पुरुष दुहेरी, महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी. एकट्याने खेळायची एकेरी दुसऱ्या वर्षी, म्हणजे १९०० साली, आली. आपल्याला वाटते, आधी पुरुषांचा खेळ, मग बायकांचा आणि शेवटी केव्हातरी दोघांचा मिळून. इथे उलटे झाले. पुरुष आणि स्त्री यांनी एकाच बाजूला उभे राहून खेळणे हे या खेळात पहिल्या स्पर्धेपासून आहे.

याचे कारण सरळ आहे. हा खेळ वाड्याच्या दिवाणखान्यात आणि बंगल्याच्या बागेत वाढला. पाहुणे जमले, चहा झाला की स्त्रीपुरुष मिळून चार घटका खेळत. म्हणजे ही समता होती खरी, पण ती साहेबांच्या घरातली समता होती. आपल्याकडच्या बहुतेक गोऱ्या क्लबांत हिंदी माणसाला पाऊल टाकता येत नसे. मग हिंदी स्त्रीचे नावच नको. ज्या पुण्यात या खेळाचे नियम बसले, त्या पुण्याच्या पेठांमधल्या मुलींना रॅकेट हातात घ्यायला पुढे दोन पिढ्या जाव्या लागल्या.

त्या मुलींची गोष्ट आता सांगतो. पुण्यात प्राध्यापक दिनकर बळवंत देवधर नावाचे गृहस्थ होते. सर परशुरामभाऊ महाविद्यालयात ते संस्कृत शिकवीत आणि मैदानावर क्रिकेट खेळत. महाराष्ट्राच्या संघाचे ते कर्णधार. १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक त्यांनी महाराष्ट्रात आणला. एकशे एक वर्षांचे आयुष्य लाभून १९९३ साली ते वारले. क्रिकेटसाठी त्यांचे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यांच्या मुलींची नावे सांगा म्हटले तर पुष्कळांना सांगता येणार नाहीत. तारा, सुंदर आणि सुमन देवधर या तिघी बहिणींनी १९४० नंतरच्या काही वर्षांत बॅडमिंटनची राष्ट्रीय विजेतेपदे आपल्या घरी आणली. एकीने एकेरी जिंकावी, दोघींनी मिळून दुहेरी जिंकावी, असे चालले होते. त्या काळी मुलगी शिकायला बाहेर पडली तरी शेजारीपाजारी कुजबुज होई. अशा वेळी संस्कृतच्या प्राध्यापकाच्या घरातल्या तीन मुली चारचौघांत, लोकांच्या देखत धावतात, उडी मारतात, जिंकतात, ही गोष्ट साधी नव्हे. गुरुजी, बाई, ज्या बापाने स्वतःच्या खेळाइतकीच मुलींच्या खेळाची किंमत ओळखली, त्याची ही गोष्ट आपल्या वर्गात जरूर सांगा.

तिकडे १९३४ साली बॅडमिंटनचा आंतरराष्ट्रीय महासंघ लंडनला स्थापन झाला आणि त्याच साली भारताची संघटनाही उभी राहिली. राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या. त्यांत मिश्र दुहेरीचाही सामना असे.

यानंतर येतात नंदू नाटेकर. जन्म सांगलीचा, १९३३ सालचा. आधी टेनिस खेळत, मग बॅडमिंटनकडे वळले. १९५६ साली मलायातल्या क्वालालंपूरला सेलंगर स्पर्धा जिंकून त्यांनी परदेशात विजेतेपद मिळवणारा पहिला भारतीय बॅडमिंटनपटू हा मान मिळवला. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाले, तेव्हा बॅडमिंटनचा पहिला पुरस्कार त्यांनाच लाभला. २०२१ साली ते गेले तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांच्या एकेरीच्या मनगटी फटक्यांची आठवण काढली, आणि ते योग्यच होते. पण त्यांच्या सतरा राष्ट्रीय विजेतेपदांची मोजणी करा. सहा एकेरीची, सहा पुरुष दुहेरीची आणि पाच मिश्र दुहेरीची. एवढा मोठा खेळाडू, पण मिश्र दुहेरीला त्याने कधी दुय्यम मानले नाही. लखनौच्या मीना शाह या त्या काळच्या सर्वांत मोठ्या महिला खेळाडू. १९५९ पासून सलग सात वर्षे महिला एकेरीचे राष्ट्रीय विजेतेपद त्यांच्याकडे होते. त्यांच्या जोडीने नाटेकरांनी १९६२ साली बँकॉकच्या किंग्ज कप स्पर्धेत मिश्र दुहेरी जिंकली. सांगलीचा मुलगा आणि लखनौची मुलगी परदेशात जाऊन जिंकतात आणि ते दोघे मिळून जिंकतात, हे त्या वेळच्या आपल्या देशाला शोभणारेच होते.

आता अनेक खेळांच्या मोठ्या जत्रेकडे वळू. १९०० साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रिया पहिल्यांदा उतरल्या. त्याच वर्षी तिथे टेनिसची मिश्र दुहेरी झाली. म्हणजे ऑलिंपिकमध्ये स्त्रीला प्रवेश मिळाला, त्याच वर्षी ती पुरुषाच्या बरोबरीने जोडीत उभीही राहिली. बॅडमिंटनला मात्र थांबावे लागले. १९५१ साली दिल्लीत पहिले आशियाई खेळ झाले, त्यांत बॅडमिंटन नव्हते. १९६२ साली जकार्तात ते आले, पण मिश्र दुहेरी वगळून. आणि मग १९६६ साल उजाडले. त्या एकाच वर्षी ऑगस्टमध्ये जमेकातल्या किंग्स्टनच्या राष्ट्रकुल खेळांत आणि डिसेंबरमध्ये बँकॉकच्या आशियाई खेळांत मिश्र दुहेरीला जागा मिळाली. १८९९ पासून मोजा. सदुसष्ट वर्षे झाली होती.

त्यानंतर सोळा वर्षांनी आपली पाळी आली. १९ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर १९८२ या दिवसांत दिल्लीला नववे आशियाई खेळ झाले. आप्पू नावाचा छोटा हत्ती त्यांचे बोधचिन्ह होता. तुमच्यापैकी जे त्या वेळी शाळेत होते, त्यांना तो आठवत असेल. तेहतीस देश आले होते. रंगीत दूरदर्शन त्याच वर्षी आपल्याकडे सुरू झाले होते. पण हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती आणि इकडच्या खेड्यांत दूरदर्शनचा संच ही दुर्मिळ वस्तू. बहुतेकांनी ते खेळ रेडिओला कान लावूनच पाहिले. होय, पाहिले असेच मी म्हणतो!

बॅडमिंटनमध्ये त्या वेळी भारताला पाच कांस्यपदके मिळाली. पुरुष संघ, महिला संघ, एकेरीत सय्यद मोदी, पुरुष दुहेरीत लेरॉय डिसा आणि मुंबईचे प्रदीप गंधे. आणि पाचवे मिश्र दुहेरीत लेरॉय डिसा आणि कंवल ठाकूरसिंग या जोडीला. कंवल ठाकूरसिंग चंदीगडच्या. चार वर्षांपूर्वी, १९७८ साली, कॅनडातल्या एडमंटनच्या राष्ट्रकुल खेळांत अमी घिया यांच्या जोडीने त्यांनी महिला दुहेरीचे कांस्य जिंकले होते. म्हणजे दोघेही दुहेरीत मुरलेले. दिल्लीत सुवर्णपदक इंडोनेशियाच्या क्रिस्तियान हादिनाता आणि इव्हाना ली यांनी नेले. हादिनाता हा त्यापूर्वीच, १९८० साली, मिश्र दुहेरीचा जगज्जेता झालेला होता. अशा मंडळींच्या रांगेत आपल्या दोघांनी पदकाच्या चौथऱ्यावर पाय ठेवला.

लेरॉय डिसा यांचीच गोष्ट घ्या. एकाच जत्रेत त्यांना दोन जोडीदारांबरोबर दोन वेगवेगळे खेळ खेळावे लागले. ऐकायला दोन्ही दुहेरीच, पण फरक मोठा आहे. पुरुष दुहेरीत दोघे गडी आलटून पालटून पुढे-मागे होतात. हल्ला करायचा तेव्हा एक पुढे, एक मागे. बचाव करायचा तेव्हा दोघे शेजारी शेजारी. मिश्र दुहेरीची जुनी रीत निराळी. त्यात स्त्री जाळीजवळ उभी राहते आणि पुरुष मागचे अंगण सांभाळतो. वरवर पाहणाऱ्याला वाटते की अवघड काम मागच्याचे, कारण जोरदार फटके तो मारतो. खरी गोष्ट तशी नाही. जाळीजवळ फूल वेगाने येते आणि विचार करायला वेळ सर्वांत कमी मिळतो. मनगट जरा चुकले की फूल जाळीत, जरा उंच गेले की समोरचा ठोकून काढतो. मागच्याला फटका मारायला मिळावा असे उत्तर समोरून काढून घेणे, हे पुढचीचे काम. ती संधी घडवते आणि तो ती साधतो. कधी तो घडवतो आणि ती जाळीवरच संपवते.

त्या काळी गुण मोजण्याची रीतही वेगळी होती. ज्या बाजूची सर्व्हिस, तिलाच गुण मिळे. दुहेरीत एका बाजूच्या दोघांना सर्व्हिसची एकेक पाळी असे. डावाच्या आरंभी तेवढी एकच. एकाची पाळी गेली की जोडीदार उभा राहायचा, त्याचीही गेली की सर्व्हिस समोरच्या बाजूला जायची. म्हणजे तिचा हात गेला तर त्याने राखायचे, त्याचा गेला तर तिने. आणखी एक गोष्ट सांगतो. त्या नियमांत पुरुषांची एकेरी पंधरा गुणांची होती आणि महिलांची एकेरी अकरा गुणांची. मिश्र दुहेरी मात्र पंधरा गुणांचीच. एकटी खेळताना जिला चार गुण कमी करून दिले होते, तिला पुरुषाच्या शेजारी उभी राहिल्यावर काहीच कमी करून दिले नव्हते. तीच जाळी, तेच फूल, तेच अंगण. समोरच्या पुरुषाची सर्व्हिस तिनेही घ्यायची आणि त्याचा जोरदार फटका तिनेही परतवायचा. २००६ पासून सर्वांनाच सारखे एकवीस गुण लागू झाले आणि प्रत्येक फेरीला गुण मिळू लागला.

आता या खेळाचे मर्म सांगतो. ते पदकांपेक्षा मोठे आहे. मिश्र दुहेरीत समोरची जोडी पहिला हल्ला करते तो स्त्रीवर. ती कच्ची असेल या हिशेबाने सगळी फुले तिच्याकडे टाकतात. अशा वेळी नवख्या जोडीत काय होते? पुरुषाचा धीर सुटतो. त्याला वाटते, हिला जमणार नाही, मीच घेतो. तो आपली जागा सोडून तिच्यापुढे झेप घेतो. फूल एकदा परत जातेही. पण मागचे सगळे अंगण उघडे पडते आणि पुढच्या फटक्याला गुण जातो. शिवाय तिचा हात कायमचा अडखळतो. हे फूल माझे की त्याचे, या विचारात ती उभी राहते. खेळ तिथेच संपतो.

हे तुम्हा शेतकरी मंडळींना मी सांगायला नको. तिफणीने पेरणी होते तेव्हा एकजण बैल हाकतो आणि मागून चाड्यावर मूठ धरून बाई चालते. दाणा किती सोडायचा, कुठे हात आखडायचा, ते तिच्या बोटांना कळते. हाकणाऱ्याने पुढे बघायचे सोडून मागे वळून चाड्यात हात घातला, तर तास वाकडा जातो आणि दाणाही नीट पडत नाही. ज्याने त्याने आपले काम विश्वासाने करायचे आणि दुसऱ्याचे काम त्याच्या हातून काढून घ्यायचे नाही. मिश्र दुहेरीत हेच शिकावे लागते आणि शिकायला सर्वांत अवघड तेच आहे.

दिल्लीनंतर काय झाले ते थोडक्यात सांगतो. १९९२ साली बार्सिलोनाला बॅडमिंटन ऑलिंपिकमध्ये पदकाचा खेळ झाला. पण पुन्हा तेच, मिश्र दुहेरी वगळून. १९९६ साली अटलांटाला ती आली. पहिले सुवर्णपदक कोरियाच्या किम दोंग-मून आणि गिल यंग-आ यांना मिळाले. भारताची जोडी मात्र ऑलिंपिकच्या मिश्र दुहेरीत उतरायला २०१२ साल उजाडले. लंडनला ज्वाला गुट्टा आणि केरळचे व्ही. दिजू यांनी हा पहिला मान मिळवला. ज्वाला यांचा जन्म आपल्या वर्ध्याचा, १९८३ सालचा. त्यांच्या आई मूळच्या चिनी. गांधीविचाराच्या ओढीने आलेल्या आपल्या आजोबांबरोबर त्या सेवाग्रामला आल्या होत्या. वडील तेलुगू. ज्वाला वाढल्या आणि खेळ शिकल्या त्या हैदराबादला. लंडनला या जोडीने गटातले तिन्ही सामने गमावले. हरले, हे खरे. पण त्यांच्या आधी तिथे कुणी हरायलाही पोचले नव्हते, हेही तितकेच खरे.

२०१८ साली ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल खेळांत भारताने बॅडमिंटनचे मिश्र सांघिक सुवर्ण पहिल्यांदाच जिंकले. अंतिम लढत बलाढ्य मलेशियाशी होती. तिचा पहिलाच सामना होता मिश्र दुहेरीचा. आपल्या बाजूला अठ्ठावीस वर्षांची अनुभवी अश्विनी पोनप्पा आणि सतरा वर्षांचा सात्त्विकसाईराज. म्हणजे ताईच्या आणि धाकट्या भावाच्या वयाची जोडी म्हणा ना! समोर चान पेंग सून आणि गोह लिउ यिंग, रिओ ऑलिंपिकचे रौप्यपदक विजेते. सामना तीन गेमांपर्यंत गेला आणि आपल्या जोडीने तो जिंकला. तिथून बळ आले आणि भारताने ती लढत ३-१ अशी मारली. त्या सुवर्णाचा पहिला गुण मिश्र दुहेरीचा होता, हे विसरू नये.

याच वाटेवर मुंबईच्या मानसी जोशी यांचेही नाव घ्यायला हवे. २०११ साली रस्त्यावरच्या अपघातात त्यांचा डावा पाय गेला. त्यांनी कृत्रिम पाय लावून खेळ पुन्हा सुरू केला. २०१५ साली दिव्यांगांच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवले, ते मिश्र दुहेरीत. २०१९ साली एकेरीत त्या जगज्जेत्या झाल्या. एका पायाने अधू झालेल्या मुलीला पहिले मोठे यश मिळाले ते जोडीदाराच्या साथीने.

मग आपण कुठे कमी पडलो? २०२३ साली चीनमधल्या हांगझोला झालेल्या आशियाई खेळांपर्यंतचा हिशेब मांडला, तर मिश्र दुहेरीत भारताच्या नावावर एकच पदक दिसते. ते १९८२ सालचे, दिल्लीचे कांस्य. एकेचाळीस वर्षांत दुसरे नाही. याच हांगझोला सात्त्विकने मुंबईच्या चिराग शेट्टीबरोबर पुरुष दुहेरीचे सुवर्ण जिंकले. आशियाई खेळांतले भारताचे ते बॅडमिंटनमधले पहिले सुवर्ण. एकेरीत तर आपल्या मुलींनी ऑलिंपिकची पदके आणली. मुले खेळतात, मुलीही खेळतात. मग दोघे मिळून का मागे?

माझ्या मते याचे उत्तर दिल्लीत किंवा हैदराबादेत शोधून भागणार नाही. ते आरंभी सांगितलेल्या पटांगणात आहे. इंडोनेशिया, चीन, कोरिया या देशांनी मिश्र दुहेरी हा स्वतंत्र खेळ मानला आणि जोड्या वर्षानुवर्षे एकत्र घडवल्या. तिथल्या मुली आता नुसत्या जाळीशी उभ्या राहत नाहीत. प्रसंग पडला तर मागे जाऊन पुरुषाइतकाच फटका मारतात. आपल्याकडे मात्र मुलगा आणि मुलगी लहानपणी एका बाजूला उभे राहून खेळतच नाहीत. मुलग्याच्या मनात घट्ट बसते की खेळ म्हणजे आपला. मुलीच्या मनात बसते की आपण बघायचे. पंचविसाव्या वर्षी, एखाद्या मोठ्या स्पर्धेच्या महिनाभर आधी, ही गाठ सुटत नाही. ती दहाव्या-बाराव्या वर्षीच सोडवावी लागते.

आणि ही गाठ केवळ पदकासाठी सोडवायची असे मी म्हणत नाही. आपल्या गावातल्या किती पोरी पदके आणणार आहेत? शंभरात एकही नाही कदाचित. पण ज्या मुलाने बाराव्या वर्षी मुलीच्या शेजारी उभे राहून सामना हरला-जिंकला, "हे फूल तुझे" म्हणून तिला हाक दिली, तिची चूक झाली तर कपाळाला आठी न घालता पुढच्या सर्व्हिसला उभा राहिला, तो मोठेपणी घरात, शेतात आणि ग्रामपंचायतीतही तसाच वागेल अशी आशा करायला जागा आहे. आणि जी मुलगी "माझे फूल मी घेते" असे मोठ्याने म्हणायला शिकली, ती पुढे पुष्कळ ठिकाणी मोठ्याने बोलेल.

तेव्हा गुरुजी, बाई, तुमच्याकडे एक मागणे आहे. शाळेच्या इमारतीच्या आडोशाला, वारा लागणार नाही अशी गुंठाभर जागा निवडा. पावलांनी नको, टेपाने मोजा. त्या निमित्ताने मुलांचे क्षेत्रफळाचे गणितही होईल. फक्कीने रेघा आखा. खऱ्या जाळीला पैसे नसले तर पाच फुटांवर दोरी ताणा आणि जुन्या लुगड्याची पट्टी तिच्यावर शिवून टाका. पिसांचे फूल महाग पडते आणि उघड्यावर वाऱ्याने भरकटते. म्हणून सुरुवातीला प्लॅस्टिकचे घ्या. सकाळी वारा पडलेला असतो, ती वेळ उत्तम. मग चिठ्ठ्या टाकून जोड्या पाडा, एक मुलगा आणि एक मुलगी. पंधरा मिनिटांचा एकेक सामना ठेवला तर तासाभरात सोळा मुले खेळून होतात.

पहिल्या दिवशी हशा होईल. मुले एकमेकांना चिडवतील, मुली लाजून रॅकेट खाली ठेवतील. एखाद-दुसरा पालकही विचारायला येईल. त्यांना बोलवा, सावलीत बसवा आणि सामना बघू द्या. आठ दिवस गेले की चिडवणे थांबेल आणि गुणांवरून भांडणे सुरू होतील. भांडणे सुरू झाली की समजा, खेळ रुजला. नियम मात्र एकच कडक ठेवा. जाळीजवळचे फूल तिचे असेल, तर ते तिलाच खेळू द्यायचे. चुकली तरी चालेल.

आज तुमच्या शाळेच्या भिंतीला टेकून एक मुलगी उभी असेल. उद्या खेळाच्या तासाला तिला हाक मारा, तिच्या हातात रॅकेट द्या, आणि तिच्या शेजारी एका मुलाला उभे करा.